डोंगराच्या पोटात आठ विटा

आमच्या सांगलीच्या भिशीत बारा बायका आहेत आणि त्यांतल्या नऊजणी परदेशी जाऊन आल्या आहेत. प्रत्येकीनं परतल्यावर बर्फातले फोटो दाखवले, तिकडं वरण-भात कुठं मिळतो ते सांगितलं आणि तिथल्या रस्त्यांना खड्डे नसतात हे दर वेळी नव्यानं सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं. आता माझी पाळी. मी सातारा जिल्ह्यात जाऊन आले. हसू नका. तुम्ही साऱ्याजणी पृथ्वीच्या वरून वरून फिरलात. मी आत गेले. सह्याद्रीच्या पोटात, बोगद्यानं, डोक्यावर अख्खा डोंगर घेऊन, नववारी खोचून आणि पायात गमबूट घालून.

निघालो ते एप्रिलातल्या एका सकाळी, सहा वाजता. न्यायला माझी नात मुक्ता आली होती. ही माझ्या मुलाची मुलगी, वय एकोणतीस. डॉक्टर आहे, पण कुणाचा ताप उतरवायच्या कामाची नाही असं तिची आई म्हणते, पदार्थविज्ञानातली डॉक्टर. घाईघाईनं माझी पिशवी उचलून बाहेर पडताना ती दारातल्या मांजराला अडखळली आणि एका पायावर नाचायला लागली.

"आजी, हे मांजर कधी टाकणार आहेस तू?"

मांजर कापडाचं आहे. मखमली, राखाडी, एका डोळ्याच्या जागी कोटाचं बटण. लग्नानंतर दोन वर्षांनी मी ते शिवलं आणि तेव्हापासून ते आमचं पुढचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला टेकून बसलेलं असतं. मुक्ता पाच वर्षांची असताना तिनं ते उचलून पाहिलं होतं. उचललं गेलं नाही. "ह्याच्या पोटात काय आहे?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी "उंदीर" म्हणाले होते.

"असू दे गं," मी म्हटलं, "तुला काय खायला मागतंय?" आणि गाडीत बसले.

गाडी हणमंतरावांची. हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पन्नाशीचे गृहस्थ. मुक्ताच्या प्रयोगाचं सामान तेच वाहतात. मिशी अशी की आरशात मागची गाडी दिसू नये. मी बसल्यावर त्यांनी पट्टा लावायला सांगितलं. मी म्हटलं, विट्यापर्यंत कशाला? ते म्हणाले, "आवं आजी, मरण काय इट्याच्या फुडंच असतंय व्हय?" मी पट्टा लावला.

तासगावच्या रस्त्याला द्राक्षाचे मांडव लागले तसं मी मुक्ताला म्हटलं, "आता एकदा नीट सांग बाई, तू शोधतेस काय?"

"जत्रेतली चक्री आठवते? लाकडी घोड्यांची?"

"चांगली आठवते. लग्नाआधी एकदा बसून ओकले होते."

"समज, ती चक्री इतक्या जोरात फिरतेय की कडेचे घोडे सुटून शेजारच्या उसात जाऊन पडायला हवेत. पण पडत नाहीत. याचा अर्थ काय?"

"कुणीतरी धरून ठेवलंय."

"बरोबर. आपल्या आकाशगंगेचं तसंच आहे. कडेचे तारे एवढ्या वेगानं फिरतात की दिसतंय त्या सगळ्याचं वजन त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. दिसत नाही असं काहीतरी तिथं आहे, आणि ते दिसतंय त्याच्या पाचपट तरी आहे. आम्ही त्याला कृष्णद्रव्य म्हणतो. ते कशाचं बनलंय कुणालाच माहीत नाही. कणांचं असेल तर ते कण आत्तासुद्धा गाडीतून, आपल्यातून आरपार चाललेत."

हणमंतरावांनी नकळत छाती झाकल्यासारखा हात वर घेतला.

"मग धरा की एखादा," मी म्हणाले.

"ते कशालाच अडत नाहीत, आजी. फार क्वचित एखादा आमच्या यंत्रातल्या अणूला धडकेल, अशी आशा. ती एक टिचकी ऐकायची. पण आभाळातून दुसरे कण पावसासारखे सारखे पडत असतात, त्या गोंगाटात टिचकी कुठली ऐकू यायला? म्हणून डोंगराखाली जायचं. डोंगर म्हणजे छत्री. बरं, डोंगराचा दगडही थोडा कुजबुजतो. म्हणून यंत्राभोवती शिशाची भिंत. आणि नवं शिसं स्वतःच कुजबुजतं."

शेवटचं वाक्य म्हणजेच माझ्या प्रवासाचं कारण. नव्या शिशात थोडंसं अस्वस्थ, किरणोत्सारी शिसं मिसळलेलं असतं आणि ते दर बावीस वर्षांनी निम्मं होतं. दोनशे वर्षं गेली की जवळजवळ गप्प. म्हणून ह्या लोकांना यंत्राच्या अगदी लगतच्या थराला म्हातारं शिसं लागतं. जगात कुणी बुडालेल्या जहाजांतून ते काढतात म्हणे. मुक्तानं ते माझ्याकडे मागितलं.

कारण आमच्याकडे ते होतं. माझं सासर वाईजवळच्या एका खेड्यातलं. गावाबाहेर जुनी बारव (पायऱ्यांची विहीर) होती. रस्ता रुंद करताना ती पाडली. तिचे चिरे लोखंडी आकड्यांनी जोडून खोबणीत शिसं ओतलेलं होतं. माझ्या सासऱ्यांनी, ते सुभेदार होते, ते सगळं शिसं वेचलं, वितळवलं आणि नारळाएवढे नऊ गोळे करून माजघरात ठेवले. का ठेवले ते त्यांनी सांगितलं नाही.

मग त्या घरात मी आले. त्या वेळच्या मला तुम्ही ओळखत नाही, ते बरंच आहे. बी.एस्सी., वेणी कमरेपर्यंत आणि अक्कल खांद्यापर्यंतसुद्धा नाही. सासूला मीठ किती घालायचं ते मी टक्क्यांत सांगत असे. शिसं पाहिल्यावर मी घरभर जाहीर केलं की हे विष आहे, हे घरात राहिलं तर मी राहणार नाही. सासूबाई बिचाऱ्या घाबरल्या. सासरे एवढंच म्हणाले, "सूनबाई, आडीचशे वर्सं गप बसलंय त्ये. तुमी बी जरा बसा." मी बसले नाही. त्या भाऊबिजेला माझा विट्याचा मावसभाऊ बापू आला, तेव्हा विज्ञानाच्या नावानं आठ गोळे मी त्याच्या गळ्यात घातले. तो गलाईच्या धंद्यात (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात) नुकताच शिरला होता. चांदी गाळायला शिसं लागतं.

गोळे नऊ होते आणि दिले आठ. नववा कुठं गेला हे गेल्या पन्नास वर्षांत मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मुक्ताचं सगळं ह्या आठ गोळ्यांवर येऊन अडलं होतं. पाटणच्या पलीकडं वीज प्रकल्पाचा एक जुना, वापरात नसलेला आडवा बोगदा त्यांना तात्पुरता मिळाला होता. दहा दिवसांनी पाहणीला तज्ज्ञ येणार, आणि त्याच संध्याकाळी बोगदा दुरुस्तीसाठी परत द्यायचा. तोवर लहान यंत्र पुरेसं शांत करून दाखवलं तर मोठं यंत्र करायला मिळणार. नाही तर चार वर्षांचं काम कपाटात. हे सांगताना ती बाहेर बघत होती, त्यावरून मला कळलं की रात्री झोपत नाही पोरगी.

विटं आलं. ह्या गावाची गंमत अशी की घराच्या दारात शेणाचा सडा महाराष्ट्राचा आणि रांगोळी तामिळ. अर्धं गाव देशभर सोनं गाळतं आणि म्हातारपणी परत येतं. बापू चाळीस वर्षं मदुराईला होता. आमच्या वहिनीनं नाश्त्याला इडली केली होती आणि तिच्याबरोबर सांबार होतं ते तिखट आमटीला लाजवेल असं. नवरा-बायको आमच्याशी मराठीत बोलत होती आणि एकमेकांशी भांडताना तामिळमध्ये. भाषा कळली नाही, पण सांबारात मीठ जास्त झालं हा विषय मला अचूक कळला.

"आक्का," बापू म्हणाला, "तुजं शिसं म्या कवाच वापारलं न्हाई बग. भनीनं दिल्यालं कसं जाळू? मदुराईला भात्याच्या बुडाला वजन म्हनून ठेवलं, येताना संगट आनलं."

मुक्ताचे डोळे चमकले. बापूनं आतल्या खोलीत पाटाशी नेलं. पाटावर लाल कापड, कापडावर हळदकुंकू लावलेल्या आठ लखलखीत विटा. घराच्या विटेपेक्षा लहान, काठ सुरीनं कापल्यासारखे, प्रत्येकीवर त्याच्या दुकानाचा छाप आणि एक ते आठ आकडे.

मुक्ताचा चेहरा उतरला. "मामाआजोबा, मी फोनवर म्हटलं होतं, आहे तसं ठेवा."

"आगं, त्यास्नी काळं, माती, भुस्सा. आसलं कळकट पोरीच्या हातात देऊ? लोकं काय म्हनतील, बापू गलाईवाला हाय का कोळसेवाला?"

"त्यात दुसरं काही घातलं तर नाही ना?"

बापू ताठ झाला. "म्या घान काडतो. घालत न्हाई."

हे तो खरंच बोलत होता. म्हणजे त्याच्या हिशेबानं. मुक्तानं त्याच्या पाया पडून विटा गाडीत ठेवल्या. वहिनीनं माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबली.

कऱ्हाडच्या अलीकडं पोलिसांनी गाडी थांबवली. मागं माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं बोचकं होतं. पोलीस हवालदारानं ते एका हातानं उचलायला घेतलं आणि तो वाकलेलाच राहिला.

"आजी, काय हाय ह्यात?"

"शिसं."

"कुठनं आनलं?"

"विट्याहून."

तो माझ्याकडे फार मायेनं बघायला लागला. "आजी, इट्यास्नं शिसं कोन आनतंय का?"

लुगडं सोडलं, आठही विटा पाहिल्या, नखानं एक ओरखडाही काढून झाला. त्याची खात्री झाली तसा तो जरा हिरमुसला. मुक्तानं त्याला समजावलं की हे एका प्रयोगासाठी आहे, दिसत नाही अशी एक वस्तू शोधायची आहे, ती आहे याचा पुरावा आहे पण ती आजवर कुणाला सापडलेली नाही.

"म्हंजे आमच्यावानीच," तो म्हणाला आणि हात वर करून आम्हाला सोडलं.

कऱ्हाडला संगमावर पाच मिनिटं उतरलो. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भिडतात, शिंगाला शिंग लावल्यासारख्या. ह्याच घाटावर नवीन लग्न झालेल्या मला नवरा हौसेनं घेऊन आला होता. तो पाण्याकडे बघून म्हणाला, "किती छान वाटतं नाही?" आणि मी त्याला दोन प्रवाहांच्या वेगांची बेरीज सांगितली. बिचाऱ्यानं पुढची चाळीस वर्षं कुठंच "छान वाटतं" असं मोठ्यानं म्हटलं नाही.

पाटण सोडलं की डोंगर रस्त्यावर झुकायला लागतात. उन्हानं गवत पिवळं पडलं होतं, करवंदं पिकायला लागली होती, आणि एका वळणावर कुंपणामागं तो बोगदा आला. काळं तोंड, वर आंब्याचं एक झाड. जगातलं सगळ्यात मोठं कोडं सोडवायची जागा पंपघरासारखी दिसते, हे मी आधीच सांगून ठेवते.

आत जाण्याआधी मला शिरस्त्राण दिलं आणि माझी पिशवी तपासली. मुक्ता किंचाळली.

"आजी! केळी?"

"वेलची केळी आहेत. तुझ्यासाठीच."

"केळंसुद्धा कुजबुजतं, आजी. बाहेर!"

पन्नास वर्षांपूर्वी मी सासूला शिसं विष म्हणून घराबाहेर काढायला लावलं. आता माझ्या नातीनं केळी काढायला लावली आणि शिसं मानानं आत नेलं. वरून सासूबाई बघत असतील तर त्यांचा दिवस चांगला गेला असेल.

बोगद्यातून चालत गेलो. पहिली शंभर पावलं गार वाटलं, मग दमट. भिंतीतून पाणी पाझरत होतं. मागचं तोंड आधी ताटाएवढं, मग वाटीएवढं, मग रुपयाएवढं झालं आणि वळणावर गेलं. मुक्ता भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "आपला काळा दगड गुणी आहे, आजी. ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ शांत." शेवटी एक लोखंडी दार, आत दिव्यांची खोली आणि खोलीत मध्यभागी ते यंत्र. भिशीच्या बायकांनो, विश्वाचं गुपित पकडायचं भांडं आपल्या लग्नाकार्यातल्या मोठ्या कुकरएवढं आहे. बाहेर साध्या शिशाची जाड भिंत, आत तांब्याचा थर, त्याच्या आत आठ विटांची रिकामी चौकट आणि मधोमध एक बाटलीएवढा स्फटिक, थंडगार केलेला, एकटा.

"आणि तो काय करतो?" मी विचारलं.

"काही नाही. बसतो. वाट बघतो."

हणमंतराव दारातूनच म्हणाले, "सेंट्री."

मला सासरे आठवले. ते बर्फातल्या चौकीच्या गोष्टी सांगत. रात्र रात्र बसायचं, खोकायचं नाही, विडी नाही, कपड्याचं बटणसुद्धा वाजू द्यायचं नाही. कारण समोरचा दिसत नाही, त्याचा फक्त एक खडा घसरलेला ऐकू येणार. "दुश्मन सोदायचा नस्तो सूनबाई," ते म्हणत, "आपन गप व्हायाचं आस्तंय." त्यावर मी त्यांना सांगितलं होतं की जे आहे ते मोजता येतं आणि जे मोजता येत नाही ते नसतं. ते मिशीत हसले होते. ते का हसले ते कळायला मला डोंगराच्या पोटात यावं लागलं.

विटा मुक्तानं रसायनानं धुतल्या, हातमोजे घालून चौकटीत बसवल्या आणि झाकण लावलं. मग आम्ही बाहेर आलो, कारण आता काम गप्प बसण्याचं होतं आणि त्या कामाला मी नालायक आहे हे तिला ठाऊक आहे.

मुक्काम जवळच्याच एका वस्तीवर, सुमन नावाच्या बाईच्या घरी. ती प्रयोगवाल्यांना जेवण घालते. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, आणि करवंदाचं लोणचं असं की मी तिला माझ्या लिंबाच्या लोणच्याची कृती आपण होऊन दिली. आजवर ती सख्ख्या सुनेलाही दिलेली नाही. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "काय घावलं का वो त्यास्नी?"

"नाही."

"कवा घावनार?"

"कदाचित कधीच नाही."

"आन् तरी रोज जात्यात?"

"रोज."

"लय बेस," ती म्हणाली. "आमचं मालक बी आसंच रानात जात्यात."

चौथ्या दिवशी सकाळी मुक्ता भाकरी न खाता उठली. यंत्र गप्प नव्हतं. जितकी कुजबुज अपेक्षित होती तिच्यापेक्षा बरीच जास्त येत होती. म्हणजे बारवेचं शिसं म्हातारं नव्हतं, नाही तर आपलं गणित चुकलं होतं, नाही तर यंत्रच वाईट होतं. तिन्हींपैकी कुठलंही खरं असलं तरी सहा दिवसांत काही होण्यासारखं नव्हतं. ती ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसली.

मी तिला म्हटलं, "दिवाळीत दिव्यांची माळ पेटली नाही की तुझा बाप काय करायचा?"

"निम्मी निम्मी करून तपासायचा." ती डोकं न उचलताच म्हणाली. मग तिनं डोकं उचललं. हे तिला आपोआप सुचलं असतंच. पण माझ्या आधी सुचलं नाही, याची इथं नोंद करते.

चार विटा काढल्या, चार ठेवल्या. एक दिवस गेला. मग दोन काढल्या, दोन ठेवल्या. आणखी एक दिवस. शेवटी एकच काढली, एकच ठेवली. त्या दिवसांत मी सुमनबरोबर करवंदं वेचली, काट्यानं लुगडं फाडून घेतलं आणि बोगद्याच्या तोंडाशी आंब्याखाली बसून हणमंतरावांशी पत्त्यांत हरले. सातव्या दिवशी दुपारी मुक्ता बोगद्यातून पळत आली. गमबूट घालून पळताना ती बदकासारखी दिसत होती.

"आजी, सात विटा एकदम गप्प आहेत! मी पाहिलंय त्यातलं सगळ्यात शांत शिसं. एकच बोलतेय. आठ नंबरची."

मी तिथूनच बापूला फोन लावला.

"बापू, आठव्या विटेत काय घातलंस?"

पलीकडं बापूनं पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग, "कुनी सांगितलं?"

"डोंगरानं सांगितलं. बोल."

"आक्का," त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता, "साफ करताना घट आली (गाळताना वजन कमी झालं). सात इटा पुऱ्या झाल्या, आटवी निम्मी. आता भनीनं आठ गोळं दिल्यालं, तिला साडेसात कसं परत करू? म्हनून नवं शिसं आनून भरलं. आगदी नवंकोरं, ब्याटरीवाल्याकडचं. जुन्यापरीस साफ! भेसळ न्हाई ती."

मुक्तानं फोन घेतला. ती रागावेल असं वाटलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. तिनं त्याला सांगितलं की खोट शिशात नव्हती, शिसंच खोट होतं, आणि ते शिशातून वेगळं काढणं कुठल्याच आगीला जमत नाही.

बापूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोरी, चाळीस वर्सं कसोटी घासली. माजं मलाच त्ये वळखता आलं नसतं. तुज्या मशिनीनं आकड्यासकट वळखलं?"

"हो."

"मंग मशीन खरी हाय," बापू म्हणाला. गलाईवाल्यानं दुसऱ्याच्या कसोटीला खरी म्हणणं म्हणजे काय, हे विट्याला विचारा.

यंत्र खरं ठरलं, पण चौकट आठ विटांची. एका बाजूला भगदाड ठेवून तज्ज्ञांना काय दाखवणार? आठव्या विटेतलं जुनं आणि नवं आता कुणालाच वेगळं करता येणार नव्हतं. मुक्ता बोटांवर दिवस मोजत होती. उरले होते तीन.

मी बी.एस्सी. आहे, मला चौऱ्याहत्तर वर्षं झाली, आणि मी नातीसमोर उभी राहून जे बोलणार होते ते बोलायला जीभ उचलेना.

"मुक्ता," मी म्हटलं, "गोळे नऊ होते."

"काय?"

"तुझ्या पणजीला मी विष म्हणून सांगितलं, आणि आठ दिले. नववा मीच ठेवला. दार आपटायचं गं. आणि वजनाला इतका छान होता."

तिची नजर आपोआप स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे गेली.

"मांजर," ती म्हणाली.

"मांजर."

हणमंतरावांनी काही न विचारता किल्ली फिरवली. आठव्या दिवशी सकाळी निघून आम्ही सांगलीला गेलो, पन्नास वर्षं दार धरून बसलेल्या त्या मुक्या जनावराला मांडीवर घेतलं, आणि परतताना विट्याहून बापूला उचललं. कऱ्हाडला तोच हवालदार होता. त्यानं काच खाली करायला लावली, मांजराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आता ह्यात काय हाय?"

"शिसं."

"जावा," तो म्हणाला.

नवव्या दिवशी सकाळी आंब्याखाली मांजराचं पोट फाडलं. मखमल, मग सरकी, मग जुन्या पातळाची चिंधी, आणि आत तो गोळा, जसा सुभेदारांनी ठेवला तसा. त्या चिंधीवर माझ्या त्या वेळच्या सुबक अक्षरात, दोऱ्यानं भरून, लिहिलेलं होतं: "विष. हात लावू नये." मी स्वतः शिवलेल्या मांजराच्या पोटात, जिथं कुणाचाच हात जाणार नव्हता तिथं, मी सावधगिरीची सूचना भरतकामात करून ठेवली होती. मुक्ता हसून हसून खाली बसली. ती चिंधी तिनं मागून घेतली.

बापूनं नव्या कोऱ्या मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) शिसं ठेवलं. तोंडाला फडकं बांधून, वाऱ्याची दिशा बघून, तो भात्याशी बसला. काळी साय वर आली ती त्यानं बाजूला काढली. मग साच्यात ओतलं. साचा भरला नाही. दोन बोटं कमी पडलं.

बापूचा हात हलला. शेजारीच आठवी वीट पडली होती, त्याच्याच छापाची. चाळीस वर्षांची सवय त्या हातात होती, मी ती स्पष्ट पाहिली. मग त्यानं तो हात मांडीखाली दाबून धरला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "कमी तर कमी. माज्या जन्मात पैल्यांदा कुनाला घट दावली."

"मामाआजोबा, दोन बोटं मी तांब्यानं भरीन," मुक्ता म्हणाली. "ते गप्प असतं." त्यानं मान हलवली. त्या विटेवर त्यानं छाप मारला नाही. आकडा मात्र घातला: नऊ.

दहाव्या दिवशी तज्ज्ञ आले. मला आत घेतलं नाही. माझ्याजवळ केळी असतील अशी भीती असावी. मी, बापू आणि हणमंतराव आंब्याखाली ओळीनं बसलो. तिघंही गप्प. हे माझ्या बाबतीत प्रथमच घडत होतं. दोन तासांनी मुक्ता बाहेर आली, आमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काही नाही."

बापूचा चेहरा पडला. "काय बी न्हाई?"

"काही म्हणजे काहीच नाही! इतकं शांत त्यांनी इथं कधी पाहिलं नव्हतं. मोठं यंत्र आम्हाला मिळालं. दुसरा बोगदा, यापेक्षा खोल." आणि ती गमबुटांसकट बापूच्या गळ्यात पडली. काहीच नाही म्हणून एवढा आनंद झालेलं कुटुंब पाटण तालुक्यानं पाहिलं नसेल. सुमननं गुळाचा सांजा केला.

परत सांगलीला आले त्याला आता दोन महिने झाले. मुक्ता दर रविवारी फोन करते. मी विचारते, "सापडलं का गं?" ती म्हणते, "नाही आजी." मी म्हणते, "छान." पूर्वीच्या त्या वेणीवाल्या मुलीला हे संभाषण ऐकवलं असतं तर तिनं दोघींनाही फळ्यासमोर उभं केलं असतं. तिला मी आता फारसं काही सांगत नाही. तिनं सासऱ्यांचं ऐकलं नाही, ती माझं काय ऐकणार? पण एक कबूल करायला हवं: तिनं सासूला शिसं सोडायला लावलं, आणि स्वतःला एक गोळा सोडवला नाही, म्हणून चौकट बंद झाली. शहाणपणानं काही झालं नसतं.

तिकडं नव्या बोगद्यात वाईच्या बारवेचं शिसं डोंगराखाली गप्प बसलं आहे, पुढचा-मागचा सगळा आवाज अडवून. आणि इकडं रोज दुपारी चार वाजता नदीवरून वारा सुटला की माझं पुढचं दार धाडकन आपटतं. भिशीच्या दिवशी तुम्ही साऱ्याजणी दचकता, चहा सांडतो. आपटू दे. कुठंतरी आवाज व्हायलाच हवा.